काचीगुड्याची जुनी घरे आणि चुन्याचे घमेले

मृग नक्षत्राच्या सुमारास महानगरपालिकेचे कर्मचारी हैदराबादच्या जुन्या वस्त्यांतून फिरू लागतात आणि मोडकळीस आलेल्या घरांच्या मालकांना नोटिसा पोचू लागतात. हे आता दरवर्षीचेच झाले आहे. १९५५ च्या महानगरपालिका कायद्याने पालिकेस तसा अधिकार आहे, आणि तो तिने बजावावा हेही योग्यच. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत या शहरात भिंती कोसळून माणसे दगावली, हे विसरता येत नाही. तथापि काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या भागांत ज्यांची तिसरी-चौथी पिढी नांदते आहे, अशा मराठी घरांपुढचा प्रश्न नोटिशीच्या पुष्कळ आधी सुरू झालेला असतो. घर एका पावसात पडत नाही. गच्चीवरच्या पन्हळीत पाल्याचा बोळा बसतो, पाणी तुंबते, भिंतीत उतरते, त्या ओलीत पिंपळाचे रोप रुजते आणि दहा वर्षे ते कोणी उपटीत नाही. मग इंजिनियर येऊन सांगतो की, घराचे आयुष्य संपले. त्याच्या मागोमाग बिल्डरचा माणूस येतो. या दोघांच्या म्हणण्यात सहसा फारसा फरक नसतो.

सरकारी आधाराची आशा करण्यात अर्थ नाही. वारशाच्या इमारती राखण्यासाठी हैदराबादच्या १९८१ च्या नियमावलीतील तेराव्या नियमाचा आधार घेतला जात असे; तो नियम डिसेंबर २०१५ मध्ये रद्द झाला. २०१७ मध्ये तेलंगणाने वारशाविषयी स्वतंत्र कायदा केला खरा, पण अशा कायद्याच्या नजरेत भरतात ती स्मारके, महाल, देवड्या. वकिलाचे, मास्तरांचे किंवा रेल्वेतल्या हेडक्लार्कचे दुमजली घर त्यात येत नाही. १९१६ साली निजामाच्या रेल्वेसाठी उभे राहिलेले काचीगुड्याचे स्थानक आजही घुमट मिरवीत उभे आहे, कारण ते रोजच्या वापरात आहे आणि त्याला मालक एकच आहे. स्थानकामागच्या गल्लीतील घराला मालक सात असतात. या मुद्द्याकडे पुढे यावेच लागेल.

आधी सिमेंटविषयी. दुर्लक्षाने जेवढी घरे गेली असतील, जवळजवळ तेवढीच चुकीच्या दुरुस्तीने गेली असावीत, असे आमचे मत आहे. जुनी भिंत दगड-विटांची आणि चुन्याची. ती पायातून ओल ओढते आणि अंगावरून ती वाऱ्याला देऊन टाकते; तिला श्वास असतो म्हणतात तो याच अर्थाने. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बुजते. ओल मग आतल्या आत वर चढते आणि जी खपली पूर्वी जोत्यापाशी होती ती खिडकीपाशी दिसू लागते. मालक म्हणतो, पहिला गिलावा पातळ झाला, आणखी जाड करू. प्लास्टिक पेंट व चिनीमातीच्या फरश्या हीच गोष्ट जरा शोभिवंत करून करतात. आमचे सांगणे खोटे वाटत असेल त्यांनी गोवळकोंड्याजवळचे कुतुबशाही मकबरे पाहून यावेत. आगाखान सांस्कृतिक न्यासाने २०१३ साली हाती घेतलेले तेथील काम २०२४ मध्ये पूर्ण झाले, आणि त्यात विसाव्या शतकातील दुरुस्त्यांचे सिमेंट खरवडून काढून पुन्हा चुनाच वापरावा लागला. सुलतानांच्या कबरींना जे मानवले नाही ते आपल्या माजघराला कसे मानवणार?

पण हे काम करणार कोण? मोठ्या कामावरचा गवंडी दोन घमेल्यांच्या कामासाठी येत नाही. आलाच तर सिमेंटची पिशवी घेऊनच येतो, कारण त्याच्या हाताला चुना ठाऊक नाही. बैल जुंपून चुना मळण्याच्या घाण्या गेल्या, त्यांच्याबरोबर तो हातही गेला. तेव्हा उरतो घरचाच माणूस. आपल्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या दौत-लेखणी चालवली. थापी धरण्यात थोडा कमीपणा वाटतो, हे मोकळेपणाने मान्य करावे. वस्तुतः काम अवघड नाही. कळीचा चुना घरी विरवण्याच्या फंदात मात्र पडू नये; पाणी पडताच तो उकळतो आणि त्याच्या शिंतोड्याने डोळा जाऊ शकतो. बाजारात विरवलेला चुना मिळतो तो आणून पिंपात पाण्याखाली काही आठवडे मुरू द्यावा. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली जाड वाळू. पोकळ झालेला गिलावा ठोकून पाहिला की आवाजावरून कळतो. तेवढाच खरवडावा, भिंत चांगली भिजवावी, पातळ थर द्यावा आणि आठवडाभर ओले पोते लावून ठेवावे. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतील वायू शोषून सावकाश दगडासारखा होतो, म्हणून घाई उपयोगाची नाही. वरून दुधासारखी पातळ सफेदी तीन-चार हात. दिवाळीनंतर हे काम काढावे, मुलांचे हात व डोळे सांभाळावेत, म्हणजे झाले.

लाकडाच्या बाबतीतही घाईच नडते. पावसाळ्यात तंबोऱ्याची खुंटी जशी अडून बसते, तसे सागवानी दारही चौकटीत रुतते. लगेच रंधा मारला तर चैत्रात त्याच दाराच्या फटीतून बोट जाते. बिजागरीचे स्क्रू आवळावेत, तेल घालावे आणि दसऱ्यापर्यंत थांबावे.

काही गोष्टींना घरच्या माणसाने हात लावूच नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लाकडी पट्ट्यांवरून गेलेली जुनी वायरिंग, फुगलेली भिंत, टोकाला कुजलेली तुळई, ही कामे जाणकाराचीच. अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा करवतीने कापू नये. ती धूळ फुप्फुसात जन्मभर राहते. कडीपाटाची चुनेगच्ची गळू लागली म्हणून तिच्यावर काँक्रीटचा थर ओतण्याची टूम निघाली आहे. त्याने गळती थांबो न थांबो, खालच्या कड्यांवर शेकडो मणांचे ओझे मात्र पडते.

आणि एक दोष असा की, तो घरमालकाच्या हातचा नाही. रस्ता खरवडून नवा करण्याऐवजी जुन्यावरच थर चढवायचे, या रिवाजाने पुष्कळ घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले आहेत. आजोबांनी तीन पायऱ्या चढून जायचे असे बांधलेले घर आज एक पायरी उतरून जायचे झाले आहे. पावसाचे पाणी तेथे येणार नाही तर काय करील? भिंतीलगत वीतभर रुंद नाली ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे. बाकीचे गाऱ्हाणे पालिकेकडे, आणि तेही रस्ता होण्याच्या आधी, गल्लीने मिळून न्यावे.

आता सात मालकांची गोष्ट. घर वडिलार्जित, एक भाऊ काचीगुड्यात, दुसरा पुण्यास, बहीण अमेरिकेत, चुलतभावांचा वेगळा हिस्सा. राहणारा म्हणतो, सर्वांच्या घरावर मी एकट्याने का खर्च करू? दूरचे म्हणतात, आम्ही राहत नाही तर का द्यावे? दोघांचेही म्हणणे कायद्याने बरोबर, आणि पन्हळीतला बोळा तसाच. बिल्डरला हे पक्के ठाऊक असते. तो चुन्या-सिमेंटचा वाद घालीत नाही, सह्यांची बेरीज करतो. विकू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरी म्हातारी दोनच माणसे उरली आहेत आणि जिना चढवत नाही, त्यांनी विकले तर त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. पण पुष्कळ घरे विकायचे ठरवून विकली जात नाहीत. गळती कोणी काढायची हे न ठरल्यामुळे विकली जातात. त्यासाठी मोठा करारनामा नको. दिवाळीला सारे एकत्र येतात, निदान फोनवर तरी भेटतात, तेव्हा वर्षाची एक ठराविक रक्कम प्रत्येक हिस्सेदाराने घालावी, राहणाऱ्याने हिशेब लिहावा, आणि दरसाल वैशाखात गच्ची झाडून पन्हळ मोकळी करण्याची मजुरी त्या वहीत सर्वांत वर लिहावी.