आरोग्याचा प्रचार कुणाच्या जिवावर?

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. त्याच सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून राज्यात आरोग्य प्रकल्प आला. त्याचा भर रुग्णालयांवर होता, वस्तीवर आजार टाळण्यावर नव्हे. ते काम २००५ नंतर आशाताईंवर सोपविले गेले. मात्र ‘स्वयंसेविका’ ठरवून वेतन नाकारले. जागतिकीकरणाने शीतपेयाची बाटली कळमनुरीच्या वाडीतांड्यांपर्यंत नेली. तिच्यामागे कंपन्यांच्या जाहिरातींचा पैसा आहे. सकस आहाराचा संदेश मात्र तुटपुंज्या मोबदल्यावर पायपीट करतो. २०२३ मध्ये शासकीय दवाखान्यांतील शुल्क माफ झाले, हे योग्यच. पण केसपेपर फुकट झाल्याने आजार टळत नाही. संविधानाचे कलम ४७ पोषण व सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. मग त्या कर्तव्याचा भार गरीब बाईच्या स्वस्त श्रमावर का, असा आमचा सवाल आहे. आशांना वेतन द्या!