डब्यावरचा त्रिकोण वाचता येतो का?

वसई-विरारच्या इमारतींत झुरळे, ढेकूण, वाळवी आणि उंदीर यांचा उपद्रव नवा नाही. उपायही ठरलेला: कोणीतरी ‘औषध मारणारा’ बोलवायचा. पण तो काय मारतो, हे किती घरे विचारतात?

कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे! १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ही खूण ठरवून दिली. व्यवसाय म्हणून घरोघरी असे विष वापरणाऱ्याला परवानाही लागतो.

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर सामान्य ग्राहकाला विकण्यासच मनाई आहे. या गोळ्या धान्याच्या गोदामांसाठी असतात. तरीही त्या कोणी ढेकणांसाठी खोलीत ठेवतो. हवेतील ओलाव्याशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन फॉस्फीन हा अतिशय विषारी वायू सुटतो. आपली किनाऱ्यावरची दमट हवा त्याला मदतच करते. दार बंद करून घरची मंडळी गावी जातात, पण वायूला दार अडवीत नाही. भिंतीतील फटी, खिडक्या, नळांच्या वाटा यांतून तो शेजारच्या निजलेल्या मुलापर्यंत पोहोचू शकतो. फॉस्फीनवर उतारा नाही.

म्हणून मला वाटते, केवळ घरमालकाची संमती पुरेशी नाही. फवारणीपूर्वी औषधाचे नाव, त्रिकोणाचा रंग, वेळ आणि परवान्याचा क्रमांक इमारतीच्या फलकावर लिहिला गेलाच पाहिजे. रसायनशास्त्राच्या तासाला एखादा रिकामा, न वापरलेला खोका आणून शिक्षकांनी ही खूण दाखवावी. समीकरणे तोलण्याइतकेच हेही रसायनशास्त्रच आहे.

डासांची गोष्ट थोडी निराळी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. पिंपे, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या केल्या की काम झाले. तेथे धूर कशाला हवा? आपल्या बावखलांत तर मासे डासांच्या अळ्या खातात. पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांना फार घातक असतात. फवारणीचा पंप बावखलात धुणारा माणूस मासे मारतो आणि अळ्यांना मोकळे रान देतो.