एका डिस्कवर दोन संसार!

शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. मोबाइल वाजला. पलीकडे एक घाबराघुबरा मित्र. 'अरे, लॅपटॉप उघडतच नाहीये! निळा स्क्रीन आलाय आणि ४८ आकड्यांची की मागतोय. कुठून आणू?'

साहेब विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायला बसले होते. 'दहा मिनिटांचं काम' म्हणून! सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं आणि डिस्कला कुलूप लागलं. बॅकअप? छे! आत पाच वर्षांचे फोटो. बहिणीच्या लग्नाचे, गेल्या वर्षी गेलेल्या आजोबांचे.

तासाभराने ती की त्याच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये सापडली. पण तो तास आम्ही दोघं विसरणार नाही.

हल्ली हा प्रयोग बरेच जण करू लागलेत. कारण उघड आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप लागते आणि ती जुन्या मशीनमध्ये असेलच असं नाही. धडधाकट लॅपटॉप भंगारात कोण देणार? मग लिनक्स वापरून बघू या म्हणतात. पण ऑफिसची एक-दोन सॉफ्टवेअर्स विंडोजशिवाय चालत नाहीत. मग दोन्ही ठेवा की!

जागेचा प्रश्न फारसा नाही. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कचे चारच प्रायमरी भाग पडायचे. आताच्या जीपीटीत विंडोज १२८ भाग करू देतं. प्रत्येक सिस्टिमला आपापली खोली. सामाईक फक्त एक छोटं ईएफआय पार्टिशन. सोसायटीच्या गेटवरच्या नावांच्या पाटीसारखं! कुणाकडे जायचं ते तिथेच ठरतं.

प्रश्न असतो तो क्रमाचा. तेव्हा दोस्तहो, हे लिहून ठेवा.

आधी बॅकअप, तोही बाहेरच्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे!

मग बिटलॉकरची रिकव्हरी की शोधा आणि कागदावर उतरवा. विंडोज ११ कित्येक लॅपटॉपवर डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट करून ठेवतं. आपल्याला पत्ताही नसतो.

दोन्ही सिस्टिम नव्याने टाकायच्या असतील तर आधी विंडोज, मग लिनक्स. विंडोजला स्वतःच पहिलं बसायची सवय आहे. लिनक्सचा ग्रब मेनू मात्र दोघांनाही विचारतो.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जागा कमी करून घ्या. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात. माझं ऐकाल तर ५० द्या. फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण झोपत नाही आणि लिनक्सला त्याच्या फाइल्सना धड हात लावता येत नाही. सिक्युअर बूट मात्र राहू द्या. उबुंटू, फेडोरा त्याच्यासकट चालतात.

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' हा पर्याय दिसेल. तिथे बोट घसरलं की संपलं!

सगळं नीट झालं तरी एक गंमत होईल. सकाळी नऊला विंडोज उघडाल तर घड्याळात पहाटेचे साडेतीन! घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच इथली समजतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला 'स्थानिक वेळ वापर' एवढं सांगा, भांडण मिटेल.

आणि हो, लिनक्सचा पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर कित्येकांचं शेजारचं लिनक्स उघडेनासं झालं होतं. अशा वेळी तोच कामी येतो.

मित्राच्या लॅपटॉपवर आता दोन्ही सिस्टिम्स सुखाने नांदताहेत. पण त्याने सर्वात आधी विकत काय आणलं, माहितेय? बाहेरची हार्ड डिस्क! घाटातल्या पाटीवर लिहिलेलंच असतं ना... अति घाई, संकटात नेई!