गाडीचा विमा : सक्ती कशाची, सोय कशाची?

घरात गाडी आली की सगळे रंग पाहतात, मायलेज विचारतात, मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. विम्याचा कागद मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो आणि वर्षभर कुणी उघडून पाहत नाही. "एजंटने केलंय ना, मग झालं," असे म्हणून आपण मोकळे होतो. या महिन्यात तो कागद जरा बाहेर काढू या.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा असलाच पाहिजे. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याला इजा झाली तो तिसरा माणूस : पायी चालणारा, सायकलवाला, समोरच्या गाडीतला. तो दगावला किंवा जायबंदी झाला, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई विमा कंपनी देते, तिला रकमेची मर्यादा नाही. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र खासगी गाडीला साडेसात लाख रुपयांपर्यंतच संरक्षण मिळते.

हा विमा नसताना पकडले गेल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्या वेळी दंड ४,००० रुपये. पण खरा धोका दंडाचा नाही. कमावता माणूस गेला तर भरपाईचा आकडा सहज लाखांत जातो. विमा नसेल तर ती रक्कम मालकाच्या खिशातून, प्रसंगी घर-जमिनीवर जप्ती आणून वसूल होते. आणि मालकाकडे काहीच नसेल, तर गेलेल्याची बायको-मुले रिकाम्या हाती राहतात.

आपल्या अनेक घरांत विम्याच्या जायज-नाजायजची चर्चा असते. तो मसला आलिमांना विचारावा, या सदराचा तो प्रांत नाही. व्यवहारापुरती एक गोष्ट ध्यानात ठेवा : कायद्याची सक्ती फक्त थर्ड पार्टीची आहे आणि तेवढी पॉलिसी वेगळी मिळते. बाकीचे सारे ऐच्छिक आहे. ज्यांना ऐच्छिक भाग नको, त्यांनी तो घेऊ नये. पण रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा हक्क राखणारा भाग कुणालाही टाळता येत नाही.

खर्च किती? थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते, म्हणून तो सर्व कंपन्यांत सारखाच असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारला वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, वर जीएसटी. नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो.

लोक ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात, त्यात थर्ड पार्टीबरोबर आपल्या गाडीचे नुकसानही येते : अपघात, चोरी, आग, पूर. या भागाचा हप्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारावे. गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणारा हा विमा मागतोच. आणखी एक फरक कुटुंबांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत आपल्याच खासगी कारमध्ये बसलेल्यांची जबाबदारी येत नाही, फुल पॉलिसीत येते. लग्नाला खालाजान आणि मुलाबाळांना घेऊन निघणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पॉलिसीवर 'आयडीव्ही' लिहिलेली असते. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर तेवढी रक्कम मिळते. हप्ता कमी दिसावा म्हणून काही जण ती घटवून घेतात आणि नुकसानीच्या वेळी पस्तावतात. वर्षभर क्लेम नसेल तर 'नो क्लेम बोनस' मिळतो : पहिल्या वर्षी २० टक्के, पुढे वाढत पाचव्या वर्षी ५० टक्के. ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. नवी गाडी घेतलीत तर ती सोबत न्या. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर ती जाते.

कोकणातल्या वाचकांनी जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर पाहिला आहे. पाण्यात बुडालेली गाडी चालू करू नका. पाणी आत असताना स्टार्टर मारल्याने इंजिन गेले, तर साध्या फुल पॉलिसीत ते नुकसान नाकारले जाऊ शकते. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कलम असते. गाडी टो करून न्यावी आणि कंपनीला लगेच कळवावे.

आता दोन जागा, जिथे चांगली घरेही फसतात. एक, जुनी गाडी. भावाची किंवा दोस्ताची गाडी घेतली, पैसे दिले, कागद राहिले. नोंदणी ज्याच्या नावावर, मालक तोच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे अपघात तुमच्या हातून आणि नोटीस भावाच्या दारात. गाडी हस्तांतरित झाली की १४ दिवसांत विमा नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. तो केला नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

दुसरी, ईदच्या दिवशी पोराच्या हातात दिलेली चावी. चालवणारा १८ वर्षांखालचा असेल तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लायसन्स नसलेल्याने धडक दिली तर कंपनीने जखमीला दिलेले पैसे न्यायालय मालकाकडून वसूल करायला लावू शकते.

कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

आज जेवणानंतर गाडीचा कागद काढा आणि तीन गोष्टी पाहा : मुदत कधी संपते, नाव कुणाचे आहे, विमा नुसता थर्ड पार्टी आहे की फुल. संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवा.