रंगनाथनांचा एच-इंडेक्स किती?

परवा एक पेपर तपासायला आला. ग्रंथालयशास्त्रातल्या एका नामवंत प्राध्यापकांच्या तीस वर्षांच्या लेखनाचा 'ग्रंथमितीय अभ्यास'. एकट्याने किती लिहिलं, दोघांनी मिळून किती, कुठल्या नियतकालिकात किती, कुठल्या साली जास्त, सायटेशन्स किती. सात तक्ते, तीन रंगीत आलेख, वर लोटकाचा नियम आणि ब्रॅडफर्डचा नियम तोंडी लावायला. सगळं वाचून झालं तरी त्या गृहस्थांनी तीस वर्षं नेमकं म्हटलं काय, ते मला कळलं नाही. कारण ते त्या पेपरात नव्हतंच!

आमच्या धंद्यातले नसणाऱ्यांसाठी (मावशी, तू शेवटपर्यंत वाचतेस हे मला माहीत आहे :) ) थोडक्यात सांगतो. तुमच्या लेखाचा उल्लेख दुसऱ्याने आपल्या संदर्भसूचीत केला की ते झालं एक सायटेशन. आणि २००५ साली हर्ष नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेला एच-इंडेक्स म्हणजे, ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन्स आहेत त्याचा एच दहा. आता गंमत बघा. एखाद्याने जन्मभरात पाचच ग्रंथ लिहिले आणि प्रत्येकाचा दहा हजार वेळा उल्लेख झाला, तरी त्याचा एच पाचच. शेजारच्या टेबलावरचा सहा लेखवाला, प्रत्येकी सहा सायटेशन्स जमवून, त्याच्या पुढे!

यूजीन गारफिल्डने १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला तो मुळात शोधण्यासाठी. हातात एक जुना लेख आहे, त्याचा धागा पुढे कोणी नेला ते सापडावं म्हणून. अस्सल ग्रंथपालाच्या उपयोगाची वस्तू होती ती. आपण तिचा तराजू केला. दिवा घेतला आणि त्याचं वजन करत बसलो.

आणि हे आमच्याच शास्त्रात सर्वात जास्त व्हावं याचं मला वाईट वाटतं. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासला गणित शिकवणारे गृहस्थ. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली 'ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम', १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण. पन्नासच्या वर ग्रंथ. ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावा, असं १९४८ साली इंग्लंडमध्ये सांगून 'लायब्रमेट्री' हा शब्दही त्यांनीच दिला. म्हणजे मोजण्याला त्यांचा विरोध मुळीच नव्हता. पण त्यांचा चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. एखाद्या वाचकाला हवं ते पुस्तक दोन मिनिटांत कपाटावर सापडतं, तो ते घेऊन घरी जातो. तो रंगनाथनांना साइट करत नाही. त्याला ते नावही माहीत नसतं. हा परिणाम कुठल्या डेटाबेसमध्ये शोधणार? समाजशास्त्रज्ञ मर्टनने हे केव्हाच सांगून ठेवलंय: एखादी कल्पना पुरती मुरली की तिच्या कर्त्याचं नाव लिहिणंच लोक सोडून देतात.

उलट जे उल्लेख होतात त्यांचं तरी काय? 'रंगनाथन, १९३१' हे आमच्याकडे पेपराच्या आरंभी, गणेशपूजनासारखं येतं. त्यातल्या किती जणांनी ते पुस्तक उघडलं असेल? सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ साली एक झकास युक्ती केली. संदर्भसूचीतल्या छपाईच्या त्याच त्या चुका किती जण जशाच्या तशा उतरवतात ते पाहिलं आणि अंदाज काढला, की उल्लेख करणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे जेमतेम वीस टक्के. शाळेत कॉपी पकडायची रीत हीच होती, नाही का?

आता कोणी म्हणेल, तुझी द्राक्षं आंबट. मान्य, माझा स्वतःचा एच-इंडेक्स सांगण्यासारखा नाही. शिवाय आकडे नव्हते तेव्हा काय रामराज्य होतं असंही नाही. तेव्हा 'साहेबांचा माणूस' हा एकच निर्देशांक चालायचा, आणि आकड्यांमुळे काही गरीब, बिनओळखीच्या पोरांना बढती मिळाली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण २०१० साली यूजीसीने एपीआयचे गुण आणले आणि पेपरांचे कारखाने निघाले. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या मंडळींनी यूजीसीच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तर ८८ टक्के निकषांत नापास! त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांवर नावं वगळली, मग 'केअर' यादी आणली, आणि २०२५ साली तीही गुंडाळली. यादी बदलली, भूक तीच.

माझंही या पापात माप आहे. असे चार पेपर माझ्या नावावर आहेत. एकात तर मी फक्त समास नीट केले आणि दुसरं नाव लावून घेतलं. त्याचे गुण मिळाले. माझ्या ओळखीच्या एका ग्रंथपाल बाईंनी त्याच सुमारास तालुक्यातल्या जुन्या साप्ताहिकांची विषयवार सूची केली. अकरा वर्षं, हाताने लिहिलेली कार्डं, बुटांच्या खोक्यांत. दुष्काळावर, कुळकायद्यावर काम करणारी पोरं अजून त्यांच्याकडे येतात, कार्डं चाळतात, आणि प्रबंधात साप्ताहिकाचं नाव टाकतात, सूचीचं नाही. अर्ज भरताना बाईंनी विचारलं, "हे कुठल्या रकान्यात लिहू हो?" मी फॉर्म दोनदा वरून खाली पाहिला. रकाना नव्हता.

असो. त्या पेपरावर मी शेरा लिहून पाठवला: "सरांचा जो लेख आपणास सर्वात महत्त्वाचा वाटतो, त्यात त्यांनी काय मांडले आहे ते एका परिच्छेदात लिहावे." आज तीन आठवडे झाले. काल एक सुधारित प्रत आली. त्यात आठवा तक्ता आहे.