बाहुली कपाटात, प्रशिक्षण कागदावर

‘बाळ रडले का?’ हा बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबलेल्या आजीचा पहिला प्रश्न असतो. त्यामागे शास्त्र आहे. शंभरातील सुमारे ८५ बाळे जन्मल्यावर आपण होऊन श्वास घेतात. दहाएक बाळांना कोरडे पुसून, पाठ चोळून जागे करावे लागते. उरलेल्या तीन ते पाच बाळांच्या तोंडावर मात्र मास्क बसवून अंबू बॅगने हवा द्यावी लागते, आणि तीही पहिल्या मिनिटात. डॉक्टर मंडळी याला ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात.

हे मिनिट बहुधा रात्रपाळीच्या एकट्या नर्सबाईंच्या हाती असते. ज्या आरोग्य केंद्रात महिन्याला दहा-पंधरा बाळंतपणे होतात, तेथे असे निपचित बाळ दोन-तीन महिन्यांतून एखादेच समोर येते. मग दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरात शिकलेले ऐन वेळी कसे आठवावे? हात बावचळतो, मास्कच्या कडेने हवा निसटते, नाहीतर घसा पुनःपुन्हा साफ करण्यातच वेळ जातो.

टांझानियातील हेडम या आडगावच्या रुग्णालयाचा अनुभव येथे फार बोलका आहे. २०१० साली तेथे बाहुलीवर एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. सात महिन्यांनी परीक्षा घेतली, तर बाहुलीवर बहुतेकांचे हात पूर्वीपेक्षा चांगले चालत होते. पण खऱ्या बाळांच्या बाबतीत काहीच फरक पडला नव्हता! मग त्यांनी पद्धत बदलली. बाहुली प्रसूतिकक्षातच ठेवली आणि येता-जाता चार-पाच मिनिटांचा सराव सुरू केला. पहिल्या चोवीस तासांतील बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले.

पुढे या सरावाला डिजिटल जोड मिळाली. बाहुलीच्या आत संवेदक बसवले आणि ती टॅब्लेटला जोडली. हवा छातीत गेली की बाजूने निसटली, हे पडद्यावर लगेच दिसते. साहेब समोर नसले तरी चूक कळते, आणि चारचौघांत शोभा होत नाही. (आमच्या मते हा फायदा लहान नव्हे.) अशा बाहुल्या, बाळाच्या ठोक्यांची साधी यंत्रे आणि प्रत्येक ठिकाणी सराव घेणारी त्याच रुग्णालयातील माणसे, असा संच टांझानियातील ३० आरोग्य संस्थांत वापरला गेला. २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे तीन लाख जन्मांच्या या पाहणीत पहिल्या दिवसातील बालमृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

आता कोणी म्हणेल, मोबाईलवर व्हिडिओ पाठवले की काम झाले. ते तितके सोपे नाही. इथिओपियात तसा प्रयोग झाला. त्यात सुईणींचे कौशल्य वाढले, पण मृत्यू कमी झाले असे ठामपणे म्हणता आले नाही. पोहणे पाहून पोहता येत नाही, तसेच हे. शिवाय यंत्र दिले म्हणजे ते चालतेच असे नाही. २०२१ मध्ये आपल्याच राज्यातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले होते, हे वाचकांना आठवत असेल.

आणि हे आपल्याला अगदीच नवे आहे का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या परिसरातील नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. तेथे टॅब्लेट नव्हता. वारंवार येणारी देखरेख होती.

तेव्हा जिल्ह्यात उद्या अशी यंत्रे आलीच, तर खरेदीच्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा जाहीर व्हावा: कोणत्या केंद्रात महिन्याला किती वेळा सराव झाला. पाळी बदलताना पाच मिनिटे पुरतात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या पुढच्या बैठकीत सदस्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना एवढेच विचारावे, सरावाची बाहुली कुठे आहे, आणि कपाटात असेल तर किल्ली रात्री कोणाकडे असते?