आधी स्टोअर, मग स्क्रीन

मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला मी बहुतेक वेळा एक हिशोब घालते. कंपनीनं झिंकच्या ५०० कास्टिंग प्लेटिंगसाठी बाहेर पाठवल्या. ४७० चांगल्या आल्या, १८ रिजेक्ट होऊन आल्या आणि १२ अजून प्लेटिंगवाल्याकडेच पडून आहेत. त्या १२ कुणाच्या? १८ चा तोटा कुणी सोसायचा? आणि प्लेटिंगवाल्याचं बिल किती नगांचं पास करायचं?

क्लास करून आलेली मुलं लगेच ‘५४१’ म्हणतात. कंपनीची खरेदी, साठा आणि हिशोब सांभाळणाऱ्या सॅप या सॉफ्टवेअरमध्ये जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, माल पाठवायचा मूव्हमेंट टाइप ५४१, माल परत आला की १०१ आणि त्याच वेळी पाठवलेला माल ५४३ नं वजा. हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण त्या १२ कास्टिंगची मालकी आपलीच आहे आणि वर्षअखेरीला त्या आपल्याच साठ्यात दिसल्या पाहिजेत, हे फार थोड्यांना सांगता येतं. वर्षभरात त्या परत आल्या नाहीत तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार पाठवल्या त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर भरावा लागतो, हे तर त्याहून थोड्यांना. १८ नगांचं प्रकरण आणखी नाजूक. प्लेटिंगवर फोड आले ते प्लेटिंगवाल्याच्या चुकीनं, की आपल्याच कास्टिंगमध्ये ब्लो-होल होते म्हणून? चूक त्याची असेल तर त्याला डेबिट नोट जाते. आपली असेल तर त्याची मजुरी द्यावी लागते आणि तोटा आपल्या डायकास्टिंग विभागाच्या माथी बसतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीची सोय आहे. त्यातली कुठली वापरायची, हे शॉपफ्लोअरवर जाऊन विचारणाऱ्या माणसालाच कळतं.

मी भोसरीच्या एका कारखान्यात कॉस्टिंगला होते, तिथून ईआरपीच्या, म्हणजे सॅपसारख्या सॉफ्टवेअरच्या, कामात आले. आता टीमसाठी माणसं निवडणं आणि त्यांना तयार करणं हेच माझं काम आहे. या अनुभवावरून मला ठामपणे वाटतं की आपण माणसं उलट्या क्रमानं शोधतो. सॉफ्टवेअर येणारा आधी घेतो आणि धंदा त्याला पुढे कधीतरी कळेल असं धरून चालतो. खरेदी, साठा, उत्पादन, हिशोब यांपैकी एक गोष्ट ज्याच्या हाताखालून गेली आहे त्याला आधी घ्यावं. सॉफ्टवेअर त्याला शिकवता येतं.

सध्या घाई मोठी आहे. सॅपच्या जुन्या ईसीसी आवृत्तीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपते. जास्त पैसे मोजले तर ती २०३० पर्यंत मिळते. त्यामुळे चाकण, पिंपरी-चिंचवड, रांजणगावच्या कंपन्यांना एस/४हाना या नव्या आवृत्तीकडे जाण्याचा विचार टाळता येत नाही. नोकरीच्या जाहिरातींत मात्र तेच ठरलेलं वाक्य असतं: तीन ते पाच वर्षांचा अनुभव, दोन पूर्ण इम्प्लिमेंटेशन. सगळ्यांना तयार माणूस हवा असेल आणि तयार कुणीच करणार नसेल, तर तो येणार कुठून?

तो खोट्या कागदांतून येतो. कुणी काही महिन्यांच्या क्लासनंतर तीन वर्षांचं अनुभवपत्र ‘करून देतो’, कुणी ऑनलाइन मुलाखतीला दुसऱ्यालाच बसवतं. लबाडी ती लबाडीच, तिची मी पाठराखण करत नाही. पण घरच्यांनी कर्ज काढून फी भरलेली असते आणि पहिल्या नोकरीलाच अनुभव मागितला जातो, हेही मला डोळ्यांआड करता येत नाही. खोट्या कागदांची ही बाजारपेठ आपल्या जाहिरातींनी उभी केली आहे. आणि असा माणूस टीममध्ये शिरला की त्याचं ओझं टीममधल्या खऱ्या माणसांवर पडतं. मंथ-एंडला रात्री अकराला फोन येतो तो त्यांनाच.

मुळात सॅप हे सॉफ्टवेअर जन्मलं कसं ते पाहण्यासारखं आहे. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच इंजिनिअरांनी जर्मनीत सॅप सुरू केली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आयसीआयचा ओस्ट्रिंगेन इथला नायलॉन धाग्यांचा कारखाना. तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. बरंचसं काम गिऱ्हाइकाच्याच संगणक केंद्रात बसून व्हायचं. हिशोब ठेवणारी माणसं हाकेच्या अंतरावर होती. आज आपण त्याच कामासाठी घेतलेल्या मुलाला हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसवतो आणि ज्याच्यासाठी तो काम करतो त्या कारखान्याचं फाटकही त्याला दाखवत नाही.

धंदा आणि सॉफ्टवेअर यांची अशी फारकत झाली की त्याची किंमत किती होऊ शकते? जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केट साखळीनं २०११ मध्ये हाती घेतलेला सॅपचा प्रकल्प २०१८ मध्ये सोडून दिला. खर्च ५० कोटी युरोच्या आसपास गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. अडचणी अनेक होत्या, पण सर्वांत जास्त बोललं गेलं ते एका मुद्द्याबद्दल: लिडल दुकानातला माल खरेदीच्या किमतीनं धरायची आणि सॅपची ती प्रणाली विक्रीच्या किमतीनं धरायची. कॉस्टिंगच्या माणसासाठी हा पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न आहे. माल कुठल्या भावानं धरता? हा प्रश्न सुटत नसेल तर पुढचं काहीच बसत नाही.

मग माणसं कुठे आहेत? माझ्या मते ती समोरच आहेत, आपली चाळणीच त्यांना गाळून टाकते. बाळंतपणानंतर नोकरी सोडलेल्या कितीतरी बायकांनी अकाउंट्स आणि खरेदी विभागांत वर्षानुवर्षं काम केलेलं असतं. पार्टीचं खातं जुळत नसेल तर चूक चलनात आहे की माल मिळाल्याच्या नोंदीत (जीआरएन), हे त्या नुसत्या नजरेनं सांगतात. बायोडेटात चार वर्षांची ‘गॅप’ दिसली की एचआरच्या पहिल्याच फेरीत त्यांचं नाव कटतं. तीच गोष्ट मराठी माध्यमातून डिप्लोमा करून प्लॅनिंगमध्ये रुळलेल्या मुलांची. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं की संपलं. खरं तर चाकणच्या प्लांटमध्ये स्टोअरकीपरशी बोलायला मराठी-हिंदीच लागते. इंग्रजी लागतं ते लेखी कामाला, आणि ते वर्षभरात नीट शिकवता येतं. मी शिकवलेलं आहे. पण रिजेक्शनचा ढीग पाहून ‘हा कुणाच्या खात्यावर?’ असं आपसूक मनात येणं वर्गात शिकवता येत नाही.

नव्या मुलांना घ्यायचंच नाही, असं मी म्हणत नाही. घ्यावं, पण शिकवायचं कुठून सुरू करायचं ते बदलावं. आमच्याकडे नवा मुलगा किंवा मुलगी आली की मी त्यांना लॉगिन देत नाही. आधी गेटवर उभं राहून ट्रक आत घ्यायचा: चलनावरचे नग, वजनकाट्याची पावती, गेट एंट्री. मग स्टोअर, मग क्वालिटी, जिथे माल ‘होल्ड’वर असतो आणि उत्पादनवाले तो सोडा म्हणून मागे लागलेले असतात. मग डिस्पॅच. जमलं तर वर्षअखेरीच्या स्टॉक मोजणीला जायचं, कारण पुस्तकातला साठा आणि रॅकवरचा साठा यांत किती तफावत पडते ते तिथे दिसतं. इतकं झाल्यावर मालाची आवक-जावक नोंदवायचा सॅपचा ‘मायगो’ स्क्रीन उघडला की प्रत्येक रकाना कुठल्या माणसाच्या कुठल्या अडचणीसाठी आहे ते त्यांना माहीत असतं. मी एकदाही टी-कोड, म्हणजे स्क्रीन उघडायचे कोड, पाठ करून घेतलेले नाहीत. ते आपोआप येतात.

कंपन्यांचं यावर नेहमीचं उत्तर असतं: एवढं शिकवायचं आणि माणूस सोडून गेला तर? जातात, खरं आहे. त्यावर बाँड लिहून घेणं मला पटत नाही. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवणं तर मुळीच नाही. सोडून जाणाऱ्यांशी मी बोलते तेव्हा पगाराइतकंच दुसरंही एक कारण ऐकू येतं. दोन-दोन वर्षं सपोर्टची तिकिटंच बंद करत राहिलो, नव्या प्रकल्पात कधी बसवलंच नाही. हे बदलणं आपल्या हातात आहे.

माणसं तयार करायला कायद्याचाही आधार आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं त्यात बंधनकारक आहे. पण ईआरपीच्या टीममध्ये शिकाऊ उमेदवार मला क्वचितच दिसतो. कायद्यासाठी घ्यायचेच आहेत, तर त्यातले दोन-तीन स्टोअर आणि अकाउंट्समध्ये सहा महिने फिरवून या टीमला द्यावेत. आणि पुढच्या जाहिरातीत ‘दोन इम्प्लिमेंटेशन’च्या जागी एवढंच लिहून पाहावं: ‘जॉबवर्कचा हिशोब स्वतः ठेवलेला असावा. कामात खंड पडला असला तरी अर्ज करावा.’